पडवीतली शाळा

रत्नागिरीकडच्या जुन्या घरांत माणसांइतकाच जनावरांचाही राबता असतो: गोठ्यात कोकण कपिला, पडवीत कुत्रा, चुलीशी मांजर, मागीलदारी कोंबड्या. कोकण कपिला अंगाने लहान, पण डोंगरउतार आणि मुसळधार पाऊस सोसणारी. देशी गोवंश म्हणून तिची नोंद २०१८ साली झाली. अशा घरात वाढणारे मूल पहिल्यांदा वेळ पाळायला शिकते. धार, शेण, वैरण यांना दिवाळीचीही सुट्टी नसते. उलट वसुबारसेला गाय-वासराचा मान आधी. मांजर वेगळे शिकवते: जीव लावावा, हुकूम सोडू नये. कुत्र्याचे आयुष्य साधारण दहा-बारा वर्षांचे, त्यामुळे घरातला पहिला मृत्यू मुलाला बहुधा तोच दाखवतो, आणि ते दुःख मुलापासून लपवणे चूकच. माया म्हणजे नुसते कुरवाळणे नव्हे. पहाटे गोठा झाडण्याची तयारी नसेल त्याने जनावर पाळूच नये. कुत्र्या-मांजरांना रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.