जातीच्या रकान्यापलीकडे

मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती २०२३ साली नेमली गेली आणि राज्यभरातल्या तहसील कचेऱ्यांची जुनी दप्तरे त्यासाठी सोडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला, जीर्ण पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. ज्याचा हक्क आहे त्याला पुरावा मिळालाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण एवढ्या खटाटोपात पानावरचा एकच रकाना वाचला गेला: जातीचा. गावाचा इतिहास उरलेल्या रकान्यांत आहे आणि तो वाचायला कोणालाच वेळ नाही.

रिसोड तालुक्यातले रिठद घ्या. गाव जागचे हलले नाही, वरची सरकारे मात्र बदलत गेली. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ मध्ये जुना वाशीम जिल्हा मोडून वाशीम अकोल्यात गेले. १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वाशीम जिल्हा. अशा गावाचा सलग धागा शोधायचा तर राजधानीतल्या फायलींपेक्षा गावपातळीचेच कागद कामाला येतात: कोतवाल बुक, फेरफार, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर.

वऱ्हाडात कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी ठरावीक साच्याच्या असतात. ‘अमुक वल्द तमुक यास मुलगी झाली.’ बाप आहे, आजा आहे, जात आहे. मुलीचे नाव बहुधा नाही. जात पडताळणीच्या टेबलावर ही नोंद नाव नाही म्हणून अडते. इतिहास वाचणाऱ्याला तीच नोंद बोलकी वाटेल. मृत्यूच्या पानावर वय असते, कारण असते: ताप, हगवण, पटकी. एखाद्या गावाची १९१८ची, इन्फ्लुएंझाच्या साथीची पाने सलग लावली, तर कोणत्या घरातून किती माणसे गेली हे त्या गावापुरते नावानिशी कळू शकते. फेरफारात शेत कोणाकडून कोणाकडे गेले ते दिसते. दाखल-खारीजमध्ये कोणत्या घरातली पहिली मुलगी शाळेत आली आणि कितवीतून तिचे नाव कमी झाले, तेही दिसते.

नाहीतर इतिहासात कोणाची नावे उरतात? वाकाटक राजांची एक राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. तिथे १९३९ साली दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. त्यात आकासपद्द नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे, दान घेणाऱ्या ब्राह्मणांची नावे गोत्रांसह आहेत. त्या गावची जमीन जे कसत होते त्यांचे नाव कोरण्याचे कारण कोणाला पडले नाही. कसणाऱ्यांची नावे लिहून ठेवणारे कागद पुष्कळ शतकांनी आले. तेही आपण दाखल्यापुरते चाळतो.

असे कागद दाखल्यापलीकडे कसे वापरावेत ते आयर्लंडमध्ये दिसते. तिथे आपल्या मौज्यांसारखी टाउनलँड आहेत, साठ हजारांहून जास्त. १९२२च्या यादवीत डब्लिनचा सरकारी दप्तरखाना जळाला, तेव्हा उरलेल्या कागदाची किंमत तिथल्या लोकांना कळली. १९०१ आणि १९११च्या जनगणनेची घरोघरची पाने आज तिथे कोणालाही फुकट पाहता येतात. १९३७ ते १९३९ या काळात तर सुमारे पाच हजार शाळांतल्या पोरांना कामाला लावले. आजी-आजोबांना विचारून त्यांनी गावच्या हकीकती, पडकी घरे, विहिरी, शेतांची नावे वह्यांत उतरवली. त्या वह्या जपून ठेवल्या आहेत.

जुने कागद उघडले की गावात भांडणे लागतील, अशी भीती घातली जाते. पण ज्याला धुऱ्यावरून भांडायचे आहे, तो फी भरून शिक्क्याची नक्कल आधीच घेऊन बसलेला असतो. अडतो तो फक्त नुसते कुतूहल असलेला माणूस.

आज पाने स्कॅन झाली आहेत, मोडी वाचणारी माणसे हाताशी आहेत. अर्जदारांची गर्दी ओसरली की दप्तरे पुन्हा फडक्यात बांधली जातील. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी गावनिहाय एक प्रत त्या त्या ग्रामपंचायतीला द्यावी, आणि शिक्षकांनी सातवी-आठवीच्या मुलांना ती वाचून गावातल्या म्हाताऱ्यांना चार प्रश्न विचारायला पाठवावे. खर्च किरकोळ आहे. म्हातारे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.