...आणि कुत्रं घुटमळलं

पहिल्या नोकरीत माझ्याकडे क्राइम बीट होतं. तेव्हा एक वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय, की आजही झोपेत लिहून दाखवीन. 'श्वानपथकाला पाचारण करण्यात आले, मात्र श्वान हमरस्त्यापर्यंत जाऊन तेथेच घुटमळले.' बातमी संपली. वाचकाने काय समजायचं? चोर हुशार आणि कुत्रं बिचारं ढ!

त्या वाक्याची लाज मला वाटली ती थेट न्यू जर्सीत. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, सकाळी साडेसहाला, चिखलाने भरलेल्या शूजमध्ये.

माझी मावसबहीण तिकडे आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. कशी, तर मंगळागौरीचीसुद्धा एक्सेल शीट करणारी. ताईकडे फुटाणा नावाचा बीगल आहे आणि गेली दोन वर्षं तिचे सगळे वीकएण्ड ट्रॅकिंगमध्ये जातात. म्हणजे असं, की एक अनोळखी माणूस गवतातून चालत जातो आणि काही वेळाने कुत्र्याने त्याचा माग काढायचा. अमेरिकन केनेल क्लब १९३६ पासून याच्या टेस्ट घेतो. पहिली पायरी 'टीडी', ट्रॅकिंग डॉग. माग ४४० ते ५०० यार्डांचा (आपल्या हिशोबात साधारण ४०० ते ४६० मीटर), अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत शिळा, त्यात तीन ते पाच वळणं आणि शेवटी पडलेला एक हातमोजा किंवा पाकीट. ते शोधलं की पास. पहिला-दुसरा नंबर ही भानगडच नाही.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

सुरुवात चीजने होते. सरळ चालत जायचं आणि प्रत्येक पावलाच्या ठशात चीजचा बारका तुकडा टाकायचा. तुडवलेल्या गवताच्या वासामागे गेलं की खाऊ मिळतो, हे कुत्र्याला पटकन कळतं. मग तुकडे विरळ करायचे, वळणं आणायची, माग जुना होऊ द्यायचा. वास असतो चिरडलेल्या गवताचा, हललेल्या मातीचा आणि आपल्या अंगावरून सतत गळणाऱ्या त्वचेच्या कणांचा. पहाटेच्या दवात तो जमिनीलगत टिकतो. ऊन चढलं, वारा सुटला, की विखुरतो. आणि डांबरावर तर चिरडायला गवतच नाही. (आठवा माझा हमरस्ता!)

खरी गोची वेगळीच आहे. सरावात माग कुठून गेलाय ते मालकाला माहीत असतं. वळण आलं की त्याचं पाऊल नकळत मंदावतं, दोरी किंचित ओढली जाते आणि कुत्रं जमिनीऐवजी मालकालाच वाचायला शिकतं. टेस्टमध्ये मालकाला काहीही ठाऊक नसतं. म्हणून सरावही तसाच हवा आणि त्यासाठी परका माणूस हवा. तो परका माणूस म्हणजे सुट्टीवर आलेली मी.

मी ऐटीत शेतात चालून आले. तीन वळणं घेतली, मोजा टाकला. तासाभराने फुटाणा निघाला, मागे दोरीच्या टोकाला ताई. दोन वळणं झकास. तिसऱ्यापाशी तो थांबला, गोल फिरला, पुन्हा फिरला. घुटमळला! मग नाक गवतात खुपसून उजवीकडे निघाला. मी मागून ओरडले, "ताई, चुकला तो! डावीकडे, त्या झुडपापाशी!" ताईने दोरी खेचली. फुटाण्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि चक्क खाली बसला.

मोजा उजवीकडेच होता. झुडूप मी भलतंच लक्षात ठेवलं होतं.

ताई रागावली नाही. गाडीत एवढंच म्हणाली, "घुटमळतो तेव्हाच तर तो काम करत असतो गं. वास कुठे संपला ते शोधत असतो. मी फक्त उभं राहायचं असतं. नेमकं तेवढंच मला जमत नाही."

टेस्टला बसायच्या आधी 'हा तयार आहे' असं एका जजचं सर्टिफिकेट लागतं. ते फुटाण्याने उन्हाळ्यातच मिळवलं होतं. आता टेस्टला तीन आठवडे उरले होते आणि त्यातले दोन तो प्रत्येक वळणावर मागे वळून ताईची परवानगी मागत होता. माझ्या एका आरोळीची कमाई!

टेस्टच्या दिवशी मैदानावर दोनच झेंडे होते. एक सुरुवातीला, दुसरा ३० यार्डांवर. त्यापुढे नुसतं गवत. दोन जज, त्यांच्या हातात नकाशा आणि शिट्टी. ताईने कुत्र्याच्या किमान २० फूट मागे राहायचं. मी लांब, तोंडावर हात ठेवून.

पहिलं वळण. दुसरं वळण. तिसऱ्यावर फुटाणा घुटमळला. एक फेरी, दोन, तीन. त्याने मागे पाहिलं नाही. ताई दोरी उंच धरून खांबासारखी उभी. माझ्याच घशाला कोरड पडली. आणि मग तो सुसाट निघाला. ताईही निघाली, एकदाही न खेचता.

शिट्टी वाजली.

झाडांच्या कडेला हरणं होती, पांढऱ्या शेपटीची. तिकडे ती आपल्याकडच्या गाईंसारखी कुठेही उभी असतात. माग दुसरीकडेच गेला होता. नापास.

"डोकं वर होतं त्याचं," ताई नंतर म्हणाली. "मागावर असला की नाक खाली असतं. मला दिसलं होतं. जागेवर थांबले असते तरी चाललं असतं. पण डोक्यात एकच, या वेळी अडवायचं नाही." मला काय बोलावं ते सुचेना.

नापास झालेल्या जोडीला उरलेला माग दाखवू देतात. ज्या बाईंनी तो घातला होता त्या ताईच्या बरोबरीने चालत गेल्या. फुटाण्याचं नाक पुन्हा खाली गेलं, शेवटचं वळण त्याने न घुटमळता घेतलं आणि मोजा तोंडात धरून शेपटी हलवत उभा राहिला. निकाल त्याला कोणी सांगितलाच नव्हता. ताईने खिशातलं सगळं चीज त्याच्यापुढे रिकामं केलं.

पुढच्या टेस्टचा फॉर्म तिने भरलाय. सरावाला माग घालायला या वेळी शेजारचे आजोबा आहेत.