वारेतला गुन्हेगार

गरोदरपणात रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. प्रीएक्लॅम्पसियाची ही लक्षणं डॉक्टरांच्या ओळखीची होती, मूळ मात्र हाती लागत नव्हतं.

तेव्हा बोस्टनमध्ये काम करणारे मूत्रपिंडतज्ज्ञ अनंत करुमांची यांनी ते वारेत शोधलं. वारेतून जादा स्रवणारं एसएफएलटी-१ हे प्रथिन रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणारे घटक अडवून धरतं आणि आईच्या मूत्रपिंडातली गाळणी बिघडते. २००३ साली त्यांच्या गटाने हेच प्रथिन गाभण उंदरांमध्ये वाढवलं, तर त्यांच्यातही तीच लक्षणं दिसली!

या शोधावर बेतलेल्या रक्तचाचणीला अमेरिकेत मान्यता मिळायला २०२३ उजाडलं. आपल्या गावोगावी ती पोचेल तेव्हा पोचो. तोवर दर तपासणीला रक्तदाब आणि लघवी तपासणं तरी आरोग्य केंद्रांनी चुकवू नये.