चला, संदेशाचं टाचण काढू या!

बालमित्रांनो,



सातवीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "बाई, आमच्या मंडळीत मुलांच्या रविवारी मला पाच मिनिटं संदेश द्यायचा आहे. पाळकसाहेबांकडून लिहून घेऊ, की एखाद्या पुस्तकातला पाठ करू?"

माझं उत्तर ऐका. दोन्ही नको! तू स्वतःच तयार कर. आणि ते कसं करायचं, हे आज आपण सगळेच मिळून शिकू या.

त्याआधी माझी एक फजिती सांगते. मी आठवीत असताना असाच एक संदेश दिला होता. एका वडीलधाऱ्यांनी चार पानं लिहून दिली आणि मी ती घडाघडा पाठ केली. त्यात 'नीतिमत्त्व', 'समर्थन', 'पवित्रीकरण' असे जाडजूड शब्द होते. तिसऱ्या पानावर एक शब्द विसरले आणि गाडी तिथंच अडली. कसंबसं संपवलं. बाहेर आल्यावर एका आजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "पोरी, छान बोललीस गं. पण ते नीतिमत्त्व म्हणजे काय?"

मला सांगता आलं नाही. कारण ते मलाही ठाऊक नव्हतं!

पुढे मी डी.एड.ला गेले. तिथं पाठ घेण्यापूर्वी टाचण काढावं लागे. आज काय शिकवायचं, सुरुवात कशी करायची, कोणते मुद्दे, शेवटी मुलांनी काय करायचं, हे सगळं एका कागदावर मांडायचं. टाचण म्हणजे पूर्ण भाषण नव्हे, बरं का! घर बांधताना आधी खांब उभे करतात ना, तसं ते असतं. भिंती आपण बोलता बोलता बांधायच्या. तेव्हा मला आठवीतली चूक कळली. मी दुसऱ्याच्या भिंती उचलून आणल्या होत्या, खांब माझ्याकडे नव्हतेच.

तर मग घ्या वही. संदेशाच्या टाचणात फक्त पाच गोष्टी लिहायच्या :

१. शास्त्रभाग
२. एक वाक्य
३. तीन मुद्दे
४. आपल्या जगण्यातला एक दाखला
५. या आठवड्यात करायची एक कृती

आता एक गोष्ट घेऊन हे करून पाहू. तुमच्या ओळखीचीच आहे. जक्कयची!

शास्त्रभाग : लूक १९:१-१०. हा भाग तीनदा वाचा. पहिल्यांदा नुसती गोष्ट म्हणून. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन प्रश्न विचारत. कोण? कुठे? आधी काय झालं, नंतर काय झालं? तिसऱ्यांदा हळू वाचा आणि जिथं मन अडखळेल तिथं खूण करा.

प्रश्न विचारले की गंमत येते पाहा. जक्कय कोण? यरीहो शहरातला मुख्य जकातदार. हे लोक रोमी सरकारसाठी कर गोळा करत आणि वर स्वतःसाठीही उकळत. म्हणून लोकांना त्यांचा राग. तो झाडावर का चढला? बुटका होता आणि समोर गर्दी होती. झाड कोणतं? मराठी बायबलमध्ये उंबर म्हटलंय. तिकडचं ते झाड आपल्या उंबराचंच भावंड. त्याच्या फांद्या खालपासून पसरतात, म्हणजे चढायला सोपं! पण विचार करा, गावातला श्रीमंत, मोठा माणूस पोरांसारखा झाडावर चढलाय. लोक हसले असतील का? तसं लिहिलेलं नाही, म्हणून "लोक हसले" असं ठामपणे सांगायचं नाही. "हसले असतील" असं म्हणता येतं. शास्त्रात नसलेलं घुसडायचं नाही, हा संदेश देणाऱ्याचा पहिला नियम.

एक वाक्य : पाच मिनिटांनंतर लोकांनी घरी काय घेऊन जायचं? ते एकाच वाक्यात लिहा. "जक्कय चांगला झाला" हे वाक्य चालेल का? चालेल, पण जरा ढिलं आहे. गोष्ट पुन्हा पाहा. येशूने "आज तुझ्या घरी उतरणार" असं सांगितलं, तेव्हा जक्कयने एक पैसाही परत केलेला नव्हता. आधी सुधार, मग येतो, असं येशू म्हणाला नाही. म्हणून आपलं वाक्य असं : येशूने आधी हाक मारली, मग जक्कय बदलला. हे वाक्य पाठ करा. बाकी काही पाठ नाही केलं तरी चालेल.

तीन मुद्दे : बोटांवर मोजता येतील इतके छोटे ठेवा.

पहिला, चढला (वचने १ ते ४). त्याला येशूला पाहायचं होतं, म्हणून त्याने लाज बाजूला ठेवली.

दुसरा, उतरला (वचने ५ ते ७). येशूने नावाने हाक मारली. लोकांनी कुरकुर केली, पण जक्कयने आनंदाने स्वागत केलं.

तिसरा, फेडलं (वचने ८ ते १०). अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत.

चढला, उतरला, फेडलं. झाले तीन खांब! आता कागद हरवला तरी घाबरायचं कारण नाही.

तिसऱ्या मुद्द्यात एक बारकावा आहे. चूक स्वतःहून कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा परत द्यावा, असा नियम मोशेच्या शास्त्रात आहे (गणना ५:६-७). म्हणजे शंभराचे एकशेवीस. जक्कय चारशे द्यायला निघाला! एवढा हिशेब सांगितलात, तर मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतील.

दाखला : आता सर्वांत अवघड भाग. दाखला दुसऱ्याच्या चुकीचा द्यायचा नाही. "आमच्या वर्गात एक मुलगा चोरी करतो..." असं मुळीच नको. दाखला शक्यतो स्वतःचा द्या.

मी हा धडा शब्बाथशाळेतल्या सहा-सात मुलांकडून करून घेत होते, तेव्हाची गोष्ट. तिसरा मुद्दा फळ्यावर लिहिला. तेवढ्यात एका छोट्याने विचारलं, "बाई, जक्कयने हे येशूच्या कानात सांगितलं, की सगळ्यांसमोर?"

मी वचन पुन्हा वाचलं. लोक कुरकुर करत होते आणि जक्कय उभा राहून बोलला. "सगळ्यांसमोरच असणार," मी म्हणाले. आणि माझा खडू थांबला.

कारण महिन्यापूर्वी माझ्या शाळेतल्या वर्गात माझं पेन हरवलं होतं. चौथीतला एक मुलगा टेबलाजवळ घुटमळत होता. मी सगळ्या वर्गासमोर त्याला दरडावलं, त्याचं दप्तर रिकामं करायला लावलं. पेन सापडलं नाही. दोन दिवसांनी ते माझ्याच हजेरीपटात निघालं! मी त्याला व्हरांड्यात बोलावून हळूच "चुकलं माझं" म्हटलं आणि विषय मिटवला. आळ घेतला तो चाळीस मुलांसमोर आणि माफी मागितली ती व्हरांड्याच्या कोपऱ्यात. तो मुलगा रोज फळा पुसायला पुढे यायचा. त्या दिवसापासून तो यायचा बंद झाला होता. ते मला दिसत होतं, पण मी दिसत नसल्यासारखं करत होते.

मुलांनो, खरं सांगते, मला भीती वाटली. बाईंनी वर्गासमोर माफी मागायची? मुलं उद्या ऐकतील का? पण "फेडलं" हा शब्द मीच फळ्यावर लिहिला होता. तो पुसून टाकून पुढचा धडा कसा घेणार?

सोमवारी परिपाठ झाल्यावर मी वर्गात उभी राहिले आणि सांगितलं, "त्या दिवशी पेन कुणीच घेतलं नव्हतं. ते माझ्याच हजेरीपटात होतं. मी न विचारता आळ घेतला. माझी चूक झाली." वर्ग एकदम गप्प! तो मुलगा खाली मान घालून बसला होता. काहीच बोलला नाही. बुधवारी मात्र घंटा झाल्याबरोबर उठला आणि फळा पुसायला लागला.

म्हणून सांगते, टाचण आधी आपल्याला लागू करा, मग लोकांना. जे स्वतः करून पाहिलंय, ते सांगताना शब्द शोधावे लागत नाहीत.

कृती : शेवटी एकच छोटी गोष्ट सांगा. "चांगले वागा" ही कृती नाही. ती कुठून सुरू करायची? "घेतलेली आणि परत न केलेली एक वस्तू या आठवड्यात परत करा", ही कृती!

आता भाषेबद्दल थोडं. येशूने दाखले दिले ते बी, दिवा, मेंढरू, खमीर यांचे, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या घरादारातले. आपल्याकडेही ही वाट जुनीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी 'ख्रिस्तपुराण' लिहिलं ते चक्क ओव्यांत! १६१६ साली ते छापलं गेलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्ताची गोष्ट कीर्तनातून सांगितली. मग आपण जाडजूड शब्द कशाला शोधायचे? त्या आजींना समजेल असं बोला. एखादा मोठा शब्द आलाच, तर त्याचा अर्थ आधी स्वतःला विचारा.

तुमच्या सरावासाठी आणखी दोन टाचणं देते. चौथी आणि पाचवी ओळ मुद्दाम रिकामी ठेवली आहे. ती तुम्ही भरायची!

चांगला शोमरोनी (लूक १०:२५-३७). एक वाक्य : शेजारी शोधायचा नसतो, आपण शेजारी व्हायचं असतं. मुद्दे : १) पाहिलं आणि गेले (याजक आणि लेवी). २) पाहिलं आणि थांबला (शोमरोनी). ३) थांबला आणि स्वतःचं दिलं (तेल, द्राक्षारस, जनावर, दोन नाणी). सांगताना तो रस्ता डोळ्यांसमोर आणा. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. म्हणजे रस्ता जवळजवळ १००० मीटर उतरत जातो! आपल्या घाटातला सुनसान रस्ता आठवा, म्हणजे तिथं थांबायला धीर का लागतो ते कळेल.

पाच भाकरी, दोन मासळ्या (योहान ६:१-१३). एक वाक्य : जवळ थोडं असलं, तरी ते येशूच्या हाती द्यावं. मुद्दे : १) फिलिप्पाने हिशेब केला. २) आंद्रियाला एक मुलगा दिसला. ३) येशूने सर्वांना पुरवलं. आणि जपून हं! मुलाने हसत हसत डबा दिला, असं पुष्कळजण सांगतात. शास्त्रात मुलाचं नाव नाही, तो काय बोलला तेही नाही. त्याच्याजवळ जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या होत्या, एवढंच आहे.

उभं राहाल तेव्हा या चार गोष्टी लक्षात ठेवा. एका मुद्द्याला एक मिनिट. नजर शेवटच्या बाकावर. विसरलात तर "पुन्हा वचन पाहू या" म्हणा आणि शांतपणे वाचा, कोणी हसत नाही. आणि कृती सांगितली की थांबा! "अजून एक सांगायचं म्हणजे..." असं करत गाडी पुन्हा सुरू करू नका.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. कौतुकापोटी मुलांचा संदेश तुम्ही लिहून देऊ नका. त्याऐवजी जेवताना तीन प्रश्न विचारा. "गोष्टीत काय घडलं? तुला काय पटलं? तू काय करणार?" मूल अडखळलं तर घरी जाताना वाटेत चुका काढू नका आणि शेजारच्या मुलाशी तुलना तर नकोच. आणि हो, एखाद्या संध्याकाळी मुलाने तुम्हालाच विचारलं, "आई, बाबा, तुम्हाला काही फेडायचं आहे का?" तर रागावू नका. टाचण नीट उतरलंय, असं समजा.

तर मग, ताई, ठरलं ना? मुलांच्या रविवारी तुझ्या हातात चार पानं नकोत, एकच कागद हवा. आणि संदेश संपल्यावर एखाद्या आजींनी येऊन काही विचारलंच, तर तुला उत्तर देता येईल.

बाकीच्यांनी वरच्या दोनपैकी एक टाचण पूर्ण करून ठेवा. पण पाचवी ओळ आधी करा, मगच लिहा!

तुमची,
बाई