अंगणात हातभर माती राहू द्या

हल्ली आपल्या मॉरिशस बेटावर नवे घर उभे राहिले की अंगणभर सिमेंट पडते. मोटारीला जागा हवी, चिखल नको, झाडांची निगा राखायला वेळ नाही. ही कारणे काही खोटी नाहीत. पण त्या सिमेंटखाली जास्वंदीचे कुंपणही जाते. मग गणेश चतुर्थीला आपण फुले विकत आणतो, नाहीतर दारावर प्लास्टिकची माळ लावून मोकळे होतो. आमचे म्हणणे एवढेच आहे : मोटार जरूर उभी करा, पण भिंतीलगत हातभर रुंदीची माती उघडी ठेवा.

तेवढ्या मातीत पुष्कळ मावते. क्रिओलमध्ये आपण जिला फुलसापात म्हणतो, ती जास्वंद विकत घ्यावी लागत नाही. शेजाऱ्यांकडून पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी मागून आणावी. खालची पाने काढून ती वाळू मिसळलेल्या मातीत, सावलीला लावावी. महिना-दीड महिन्यात ती मूळ धरते. जास्वंदीला फूल नव्या फुटीवर येते, म्हणून छाटणीला कचरू नये. नोव्हेंबरात वादळांचा मोसम सुरू होण्यापूर्वी थोडी छाटणी केली, तर झाड वाऱ्यालाही बरे टिकते.

झेंडूचा हिशेब मात्र आपल्याकडे वेगळा. महाराष्ट्रात गणपती पावसाळ्यात येतात, आपल्याकडे हिवाळा सरता सरता. बी पेरल्यापासून फूल यायला दोन-अडीच महिने लागतात, म्हणून जूनमध्येच पेरावे. वाक्वा-क्युरपिपच्या थंडीत थोडे आधी. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटून फुले अधिक येतात. कोपऱ्यात थोड्या दूर्वाही असाव्यात. पश्चिम किनाऱ्याला पाऊस कमी. तेथे बुंध्याशी वाळलेले गवत पसरावे आणि तांदूळ-भाजी धुतलेले पाणी झाडांना घालावे.

एक नियम मात्र कडक पाळावा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. २०२४ साली आपल्या बेटावर डेंग्यू पसरला होता, आणि त्याचे डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतात. आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून घासावी, किंवा तिच्यात वाळू भरून ठेवावी.

घरातून मराठी कमी होत चालली, असे आपण सभांतून नेहमी म्हणतो. सकाळी नातवंडांच्या हाती परडी द्या आणि सांगा, "कळी तोडू नकोस, उमललेले फूल देठासकट खुड." कळी, देठ, पाकळी, परडी हे शब्द पुस्तकात वाचून जेवढे लक्षात राहतात, त्याहून अधिक हाताने फूल खुडताना राहतात. देवापुढे आपल्या अंगणातले फूल ठेवण्याचा आनंद तर निराळाच.

येत्या जूनपूर्वी प्रत्येक कुटुंबाने एवढी जागा राखावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.