मोडणे आणि बदलणे

पोळा जवळ आला की खानदेशातील बाजारांत मातीचे बैल मांडलेले दिसतात. एकाच साच्यातून निघालेले ते बैल दुकानात सारखे दिसतात; पण घरोघरी गेल्यावर ते सारखे राहत नाहीत. कोणी शिंगांना रंग देतो, कोणी ओल्या मातीचा गोळा लावून वशिंड उंच करतो, कोणी चिंधीची झूल पांघरतो. मातीचा बैल स्वस्त असल्यामुळे या उद्योगाला कोणी नावे ठेवीत नाही. परंतु तोच मुलगा विकत घेतलेल्या महागड्या खेळण्यावर करवत घेऊन बसला, तर घरातून एकच उद्गार ऐकू येतो : “मोडलेस ना शेवटी!”

मोडणे आणि बदलणे ही दोन कामे दुरून पाहणाऱ्याला एकसारखीच वाटतात. दोन्हींत वस्तूचे मूळ रूप जाते. त्यांतील अंतर ओळखता येणे मुलांना जितके आवश्यक आहे, तितकेच ते मोठ्यांनाही आहे; कारण हे अंतर न ओळखल्यामुळे कित्येक जिज्ञासू हात लहानपणीच थांबतात, आणि कित्येक उतावळे हात आपल्याला कारागीर समजू लागतात.

हे अंतर एका खेळण्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. जहाजे, विमाने, पाणबुड्या यांच्या लहान प्रतिकृती जोडण्याचे प्लॅस्टिकचे संच विकत मिळतात. पेटीत एका चौकटीला जोडलेले अनेक सुटे भाग असतात. सोबत एक सूचनापत्र असते. भाग सुटे करावेत, त्यांच्या कडा घासाव्यात आणि पत्रात दाखविलेल्या क्रमाने ते डिंकाने जोडावेत, की प्रतिकृती तयार होते. हे काम चिकाटीचे असले, तरी त्याचा सारा विचार दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. मुलाच्या मनात “ही नौका अशी न होता तशी झाली तर?” असा प्रश्न आला, की सूचनापत्र मुके होते. तेथून पुढचा विचार मुलाला स्वतः करावा लागतो.

१९६१ साली अमेरिकेत अर्विन ॲलन यांचा ‘व्हॉयेज टू द बॉटम ऑफ द सी’ हा विज्ञानकथेवरील चित्रपट निघाला. त्यात ‘सीव्ह्यू’ नावाची एक काल्पनिक पाणबुडी होती. ती लोकांना इतकी आवडली की पुढे १९६४ ते १९६८ या काळात तिच्या साहसांची दूरचित्रवाणी मालिकाही चालली. चित्रपटातील सीव्ह्यूच्या नाकाशी दोन ओळींत आठ खिडक्या होत्या. मालिकेच्या दुसऱ्या वर्षापासून मात्र तिला चारच खिडक्या दिसू लागल्या. त्याच वेळी तिच्या नाकात एक छोटे यान आले. ते पाण्यातून जाई आणि आकाशातही उडे. ते बाहेर पडावे म्हणून नाकाच्या खालच्या बाजूला दारे दाखविण्यात आली. अशा रीतीने एकाच नौकेची दोन रूपे झाली, आणि तिच्या प्रतिकृती जोडणाऱ्या हौशी लोकांत एका रूपाचे दुसरे रूप करण्याचा छंद निर्माण झाला.

समजा, एखाद्या मुलाजवळ चार खिडक्यांच्या नौकेचा संच आहे आणि त्याला आठ खिडक्यांची नौका हवी आहे. उतावळा मुलगा म्हणेल, “त्यात काय? आणखी चार भोके पाडली की झाले!” तो भोके पाडील, त्यांत काचेसारखे पारदर्शक तुकडे बसवील आणि नौका पूर्ण झाली असे समजेल. पण जाणकार माणूस ती हाती घेऊन उलटी करील व विचारील, “खिडक्या आठ आहेत, मग खाली ही दारे कशाची?” आठ खिडक्यांच्या नौकेत ते छोटे यान नव्हतेच. म्हणून खिडक्या वाढवायच्या तर दारे बुजविली पाहिजेत. दारे बुजविली की आतील यानाची जागा रिकामी राहते. मोठ्या खिडक्यांतून ती दिसते, म्हणून आतील रचनेचाही विचार करावा लागतो. एक बदल दुसरा बदल मागतो आणि दुसरा तिसरा. जो ही मागणी ऐकतो, तो वस्तू बदलतो. जो ऐकत नाही, तो ती मोडतो.

प्रत्यक्ष कामातही हाच नियम दिसतो. शहाणा मुलगा प्रथम मोजमाप घेतो. कागदावर खिडकीचा आकार काढून तो नौकेच्या नाकावर धरून पाहतो. आखलेल्या रेघेवर तो कधीच कापीत नाही. रेघेच्या आतल्या बाजूने बारीक भोके पाडून मधला तुकडा काढतो आणि उरलेली कड कानशीने रेघेपर्यंत आणतो. कारण जास्त राहिलेले प्लॅस्टिक घासता येते, पण घासून गेलेले परत आणता येत नाही. दारे बुजविताना तो लांबीचा जाड थर एकदम देत नाही. पातळ थर द्यावा, तो वाळू द्यावा, काचकागदाने घासावा आणि मग दुसरा थर द्यावा, हा क्रम तो पाळतो. या संचांचा विशेष डिंक नुसता चिकटत नाही. तो दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतो. म्हणून नवा डिंक आधी टाकाऊ चौकटीच्या तुकड्यावर लावून पाहणे हे त्याला कमीपणाचे वाटत नाही.

येथे कोणी विचारील, मूळ रूप कसे होते हे कळावे कसे? त्याचे उत्तर धुळ्यात सापडते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी कागदपत्रे गोळा केली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे खंड प्रसिद्ध केले. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यास होते. १९२६ साली त्यांचे निधन झाल्यावर पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. पुराव्यावाचून विधान करू नये, हा त्यांच्या कार्याचा मोठा धडा होय. इतिहास आणि खेळणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे; परंतु सचोटीची रीत दोहोंत एकच आहे. चार निरनिराळी चित्रे शोधावीत, ती एकमेकांशी ताडून पाहावीत, कोणते चित्र कोणत्या वर्षाचे आहे ते ठरवावे आणि मगच खिडकीची जागा आखावी. “मला असे वाटले” हे पुरेसे उत्तर नव्हे. “या चित्रात असे दिसते” हे उत्तर देता आले पाहिजे.

मग कल्पनेला काही वावच नाही की काय? आहे, आणि मोठा आहे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने १८६९-७० साली ‘नॉटिलस’ या काल्पनिक पाणबुडीची कथा लिहिली. तिचा कप्तान नेमो हा मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र होता, असे त्याने १८७५ सालच्या दुसऱ्या कादंबरीत सांगितले. व्हर्नच्या अशा अनेक साहसकथा भा. रा. भागवत यांनी मराठी मुलांपर्यंत पोहोचविल्या. व्हर्नची नॉटिलस दोन्ही टोकांना निमुळती, ७० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद होती. १९५४ साली डिस्नेच्या चित्रपटासाठी हार्पर गॉफ या कलावंताने तिला निराळेच रूप दिले. पाठीवर करवतीसारखे दाते आणि पुढे डोळ्यांसारख्या चमकणाऱ्या खिडक्या असलेली ती नौका एखाद्या जलचर प्राण्यासारखी दिसे. हा बदल मनास येईल तसा केलेला नव्हता. व्हर्नच्या कथेत खलाशांना ही नौका समुद्रातील राक्षसी प्राणी वाटते; त्या एका गोष्टीतून गॉफची सारी रचना निघाली. कल्पनेची उडी कितीही मोठी असली, तरी ती कोठल्या तरी भक्कम जमिनीवरूनच घ्यावी लागते.

खेळण्यातील ही शिस्त खेळण्यापुरतीच राहत नाही. भारतीय नौदलाची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी सेवेत आली. त्याच नावाची नवी पाणबुडी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झाली. अशा पाणबुड्यांच्या डिझेल इंजिनांना हवा लागते. म्हणून विद्युतघट भारून घेण्यासाठी त्यांना मधून मधून पृष्ठभागाजवळ यावे लागते आणि शत्रूला त्यांचा सुगावा लागण्याची भीती असते. बाहेरच्या हवेवाचून वीज निर्माण करणारी यंत्रणा बसविली, तर त्या अधिक काळ खोल पाण्यात राहू शकतात. अशी यंत्रणा अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने विकसित केली असून ती पाणबुड्यांवर बसविण्यासाठी ३० डिसेंबर २०२४ रोजी माझगाव गोदीशी करार झाला. ही यंत्रणा बसवायची म्हणजे पाणबुडी मध्ये कापून त्या ठिकाणी एक नवा भाग जोडायचा. लांबी वाढली की वजन वाढते, वजन वाढले की तोल बदलतो, आणि प्रत्येक जोडाला समुद्राचा प्रचंड दाब सोसावा लागतो. येथे करवत धरणाऱ्या हातामागे केवढा विचार असावा लागत असेल! पण तेथेही प्रश्न तोच आहे : एका बदलामुळे आणखी काय काय बदलेल?

मोठ्यांच्या आक्षेपालाही उत्तर दिले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. संचाला पैसे पडतात. ते कष्टाचे असतात. न पाहता, न मोजता केलेला पहिलाच काप वस्तूची माती करतो, आणि अशा वेळी “मोडलेस” हा शब्द कठोर असला तरी खरा असतो. शिवाय सूचनापत्राप्रमाणे एक तरी प्रतिकृती नीट जोडल्याशिवाय दुसरे रूप करायला जाणे, म्हणजे बाराखडी न गिरवता ग्रंथ लिहायला बसणे होय. परंतु मूळ वस्तू समजून घेतलेल्या मुलाला केवळ ‘पेटीवरच्या चित्रासारखे झाले नाही’ म्हणून रागावणे अन्यायाचे आहे. पेटीवरचे चित्र हे शिक्षणाचा आरंभ आहे. तेच त्याचे शेवटचे टोक मानले, तर मुलगा फक्त दुसऱ्याने केलेला विचार जोडीत राहील. म्हणून मोठ्यांनी रागावण्यापूर्वी एकदा विचारावे, “काय करणार आहेस, आणि का?” ज्याला उत्तर देता येईल, त्याच्या हातात करवत द्यावी. ज्याला देता येणार नाही, त्याच्या हातात आधी पेन्सिल द्यावी.

महाग संच सर्वांना मिळणार नाही, हेही खरे. तथापि त्यावाचून काही अडत नाही. जळगावात प्लॅस्टिकचे पाइप आणि चटया तयार करण्याचे मोठे उद्योग आहेत. त्यामुळे प्लॅस्टिक ही या मुलखाला परकी वस्तू नव्हे. शेतात उरलेला पाइपाचा हातभर तुकडा, त्याच्या दोन टोकांना दोन टोपणे, आणि आत थोडे वजन, एवढ्या सामग्रीवर पाणबुडीचा आरंभ होऊ शकतो. दोन्ही तोंडे बंद केलेला रिकामा पाइप पाण्यावर तरंगतो आणि गडगड लोळतो. आत तळाशी थोडी वाळू पक्की बसविली की त्याचे लोळणे थांबते. वाळू वाढवीत गेले की तो हळूहळू खाली उतरतो आणि नेमक्या एका क्षणी पाठ तेवढी वर ठेवून स्थिरावतो. खरी पाणबुडी हेच काम पाण्याने करते : खाली जाण्यासाठी ती आपल्या टाक्यांत पाणी घेते आणि वर येण्यासाठी दाबलेल्या हवेने ते बाहेर लोटते. या साध्या पाइपावर मनोरा चढवावा, शेपटीचे पंख बदलून पाहावेत आणि प्रत्येक बदलानंतर तोल कसा ढळतो ते टिपून ठेवावे. मात्र धारदार पाते आणि उग्र वासाचा डिंक यांचे काम मोठ्यांच्या देखत, मोकळ्या हवेत करावे. घासताना पाणी लावावे, म्हणजे धूळ श्वासात जात नाही.

खानदेश समुद्रापासून दूर आहे. येथील कित्येक मुलांनी समुद्र पाहिलेलाही नसेल. परंतु पांझरेचे आणि गिरणेचे पाणी तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते. विचारांचेही तसेच आहे. धुळ्यातील एखाद्या घराच्या ओट्यावर, पाण्याने भरलेल्या घंगाळात ज्या मुलाने आपल्या नौकेचा तोल सावरला, त्याने समुद्रावरचा एक नियम घरबसल्या शिकून घेतला. पुढे तो जहाजे बांधो, शेतीची अवजारे सुधारो किंवा शाळेत शिकवो. कोणतीही वस्तू हाती आली की ती अशीच का आहे, हे तो आधी विचारील. जो असे विचारतो, त्याला ती वस्तू बदलण्याचा अधिकार मिळतो. आणि ज्याने तो अधिकार मिळविला, त्याच्या हातून वस्तू सहसा मोडत नाहीत.