वनपिंगळ्याची खोटी चिठ्ठी

सातपुड्यातल्या वनपिंगळ्याला, या छोट्या घुबडाला, सगळ्यात मोठा उपद्रव कुऱ्हाडीने केला, हे खरेच आहे. पण त्याआधी एका खोट्या नोंदीनेही त्याचे मोठे नुकसान केले. १८७३ मध्ये पक्षीतज्ज्ञ ह्यूमने या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसनने त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र वनपिंगळा कोणाला मिळाला नाही. अपवाद एकच, तो पक्ष्यांचे नमुने जमवणारा ब्रिटिश अधिकारी कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याचा. आपल्याकडच्या नमुन्याच्या चिठ्ठीवर त्याने १९१४ साल आणि गुजरातेतले मांडवी हे ठिकाण लिहून ठेवले होते. पुढच्या अभ्यासकांनी ती चिठ्ठी खरी मानली. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्यांनी शोध घेऊनही पक्षी हाती लागला नाही.

पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतले जुने नमुने बारकाईने तपासले, तेव्हा लबाडी उघडी पडली. माइनर्ट्‌झहागेनचा नमुना मुळात डेव्हिडसनचाच होता. तो लंडनच्या संग्रहालयातून चोरून, उसवून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी लावलेली होती. मांडवी बाद झाल्यावर रासमुसेन आणि त्यांचे सहकारी उरलेल्या खऱ्या ठिकाणांच्या मागावर निघाले. नोव्हेंबर १९९७ मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच्या सागाच्या रानात, सकाळच्या उन्हात, निष्पर्ण झाडावर वनपिंगळा उघड बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी!

हा पक्षी दिवसा हिंडतो, उघड्या फांदीवर बसतो, शेपटी डावी-उजवीकडे झटकतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतातच. ज्याला ओळख पटली आहे त्याला तो दिसतो. अडचण होती ती योग्य रानात, योग्य माणसाने, पुरेसा वेळ थांबण्याची. पुढे मेळघाटात आणि मध्य प्रदेशातल्या खंडव्याकडच्या जंगलांत तो सापडला, तो असाच. २०१४ मध्ये तर तो तानसा अभयारण्यात दिसला. मुंबईला पाणी पुरवणारे हे जंगल पक्षीनिरीक्षकांच्या हाकेच्या अंतरावर आहे, तरी तिथे तो इतकी वर्षे कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत २०१८ मध्ये वनपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आला. याचा अर्थ पक्षी वाढले असा कोणी काढू नये. शोधणाऱ्यांनी अधिक रान पालथे घातले, म्हणून अधिक ठिकाणे कळली. प्रौढ पक्षी आजही हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. तो ढोलीत घरटे करतो आणि ढोल्या जुन्या, वाळत चाललेल्या झाडांना असतात. नेमकी तीच झाडे सरपणाला आधी जातात. सातपुड्याच्या पायथ्याची सपाट सागवानी रानेही शेतीखाली जात आहेत. भरीला, घुबडांना पकडून जादूटोण्यात बळी देण्याची क्रूर प्रथा अजून संपलेली नाही.

वाघाला राखीव क्षेत्र आहे, पथक आहे, दरसालचा निधी आहे, आणि तो असावाच. मेळघाटातल्या वनपिंगळ्याला त्याचाच आडोसा मिळतो. शहादा-तोरणमाळच्या पिंगळ्याला तसा आडोसा नाही. त्याच्या वाट्याला येतात ते दोन-तीन वर्षांच्या मुदतीचे प्रकल्प. मुदत संपली की संशोधक दुसरीकडे जातो. आणि जो भिल्ल किंवा पावरा तरुण प्रत्येक ढोली ओळखायला शिकलेला असतो, तो पुन्हा मजुरीला लागतो. त्याच्याबरोबर ते ज्ञानही जाते. अहवालात त्याचा फार थोडा भाग उतरलेला असतो. हा अपव्यय आपल्याला परवडणारा नाही.

वनखात्याने अशा माणसांना बारमाही पगारावर घ्यावे, तेही त्यांच्याच गावालगतच्या रानासाठी. ढोलीची वाळकी झाडे तोडण्यापासून वगळावीत. त्या बदल्यात गावांना सरपणाची किंवा गॅसची खात्रीची सोय करून द्यावी. दर हंगामात त्याच जागांची मोजणी व्हावी, आणि जिथे पक्षी दिसला नाही तिथे ‘दिसला नाही’ हेही तारखेसह, निरीक्षकाच्या सहीने लिहिले जावे.